'आय होप इट रेन्स': आशा व्यक्त करताना इंग्रजी क्रियापदाचा काळ कोणता असावा?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. धुळे जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी २२ वर्षांपासून इंग्रजी शिकवत आहे आणि हा धागा माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे काढत आहे. गेल्या वर्षी मृगाच्या दिवसांत नववीच्या मुलांना मी घरच्या शेतीकामाविषयी इंग्रजीत दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलीच्या घरी कापसाची धूळपेरणी झालेली होती, म्हणजे सरकी कोरड्या मातीत टाकून सगळे घर आभाळाकडे डोळे लावून बसले होते. तिने शेवटची ओळ लिहिली, 'आय होप इट रेन्स धिस वीक'. मी 'रेन्स'खाली लाल रेघ ओढली, वर 'विल रेन' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली आणि तिने शांतपणे विचारले, "सर, क्रिकेटच्या समालोचनात 'लेट्स होप द रेन स्टेज अवे' असे म्हणतात. ते चूक आहे का?" मला उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो, असे मी म्हणालो.

त्या रात्री घरातील शब्दकोश आणि व्याकरणाची पुस्तके उघडून पाहिली, तेव्हा तिचे वाक्य पूर्णपणे बरोबर असल्याचे दिसले. 'होप'नंतर पुढे घडणाऱ्या गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळ चालतो आणि रोजच्या बोलण्यात तर तो फार सहजपणे येतो. 'विल'ही चालतो. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक मान्य करून मी तिचा अर्धा गुण परत दिला, परंतु मनातला प्रश्न गेला नाही. आपल्या मुलांची, आणि माझ्यासारख्या शिक्षकाचीही, नेमक्या याच ठिकाणी गफलत का होते?

विचार करता मला जे वाटते ते असे. मराठीत आशा ही क्रियापदाच्या रूपातच मुरलेली असते. 'पाऊस येवो', 'पाऊस यावा', 'पाऊस आला असता तर' यांपैकी एकाही वाक्यात 'आशा' हा शब्द नाही, तरी बोलणाऱ्याचे मन ऐकणाऱ्याला कळते. इंग्रजीत ते काम 'होप' किंवा 'विश' हे पहिले क्रियापदच करून टाकते आणि पुढच्या क्रियापदाकडे एवढेच उरते की गोष्ट केव्हाची आहे आणि ती अजून घडण्यासारखी आहे किंवा नाही, हे सांगणे. आपण मात्र आपले 'यावा' बरोबर घेऊन इंग्रजीत शिरतो, त्याला जोड शोधतो आणि 'वुड' सापडले की ते तेथे बसवतो. 'आय होप इट वुड रेन' हे वाक्य असे तयार होते. मी तपासलेल्या वह्यांत 'होप'नंतरची सर्वांत जास्त वेळा आढळलेली चूक हीच आहे.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, अनेकांना नोकरीत रोज इंग्रजी पत्रे लिहावी लागतात. आपले अनुभव आणि शंका येथे मांडाव्यात, ही विनंती.

अनेर

सर, धागा आवडला. माझी शंका साधी आहे. 'आय होप इट रेन्स' आणि 'आय होप इट विल रेन' ही दोन्ही बरोबर असतील, तर मुलांनी कोणते लिहावे? दोन्हींच्या अर्थात काही फरक आहे का? 'इफ इट रेन्स' या वाक्यात 'विल' लिहिले की गुण जातो, हे आम्हीही शाळेत शिकलो होतो. मग येथे सवलत का?

पांझराकाठ

अनेरभाऊ, 'इफ' आणि 'व्हेन' यांच्या वाक्यांशी तुलना केली ते चांगले झाले, कारण माझ्याही मनात बरीच वर्षे तोच घोळ होता. 'जर पाऊस आला' असे म्हणताना आपण पावसाचे भाकीत करत नाही, नुसती अट घालतो. म्हणून इंग्रजीतही तेथे भाकीत सांगणारा 'विल' सहसा येत नाही. 'होप'नंतरचे वाक्य मात्र अट नसते. ते पुढे काय घडेल याविषयीचेच विधान असते, फक्त त्याच्यावर आशेचे छत्र असते. त्यामुळे तेथे 'विल'ला जागा आहे. त्याच वेळी 'होप' या शब्दानेच वाक्याचे तोंड पुढच्या काळाकडे वळवलेले असल्याने साधा वर्तमानकाळही पुरतो.

बहुतेक वाक्यांत अर्थाचा फरक पडत नाही. निमंत्रणात किंवा औपचारिक पत्रात 'आय होप यू विल अटेंड' अधिक शोभते, बोलताना 'आय होप यू कम' पुरेसे होते. परंतु काही ठिकाणी निवड विचारपूर्वक करावी लागते. 'आय होप ही वर्क्स हार्ड' या वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात: तो एरवी मेहनत करणारा असावा, किंवा यापुढे त्याने मेहनत करावी. पुढचाच काळ सांगायचा असेल, तर येथे 'विल' घालणे बरे. उलट 'रेन्स धिस वीक', 'अराइव्ह्ज टुमॉरो' अशा वाक्यांत वेळ सांगणारा शब्द शेजारीच असल्याने संशयाला जागा राहत नाही.

वाघूर

मी जळगावला असतो. पांझराकाठ सरांचा 'यावा' आणि 'वुड' यांचा मुद्दा मला पटला, परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे 'असेल' हे रूप त्याहून अधिक घोटाळा करते. काही वर्षांपूर्वी परदेशातील एका प्राध्यापकांशी माझा ईमेलने पत्रव्यवहार चालू होता. प्रत्येक पत्राच्या आरंभी मी मोठ्या आदराने लिहीत असे, 'आय होप यू अँड युवर फॅमिली विल बी फाइन'. मनातले मराठी वाक्य होते, 'आपण व आपले कुटुंबीय कुशल असाल अशी आशा आहे'. एकदा त्यांनी उत्तरात विचारले की आमच्या घरी कोणी आजारी असल्याचे तुमच्या कानावर आले आहे का. मला तेव्हा काहीच उलगडा झाला नाही आणि विचारायचा संकोचही वाटला. आज हा धागा वाचताना प्रथमच लक्षात येते आहे की घोळ 'विल बी'मध्ये असावा. माझा अंदाज बरोबर आहे का?

पांझराकाठ

वाघूरभाऊ, अंदाज अगदी बरोबर आहे. हा मुद्दा माझ्या पहिल्या लेखनात यायला हवा होता, कारण तो 'वुड'इतकाच महत्त्वाचा आहे.

मराठीत 'असेल' हे रूप दिसायला भविष्यकाळाचे असले, तरी पुष्कळदा ते आजच्याच गोष्टीविषयीचा अंदाज सांगते. 'आता आई स्वयंपाकघरात असेल' असे म्हणताना आपण उद्याचे बोलत नाही. आत्ताच्या, पण डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीविषयी बोलतो. 'तू बरा असशील अशी आशा आहे' या वाक्यातला काळही आजचाच आहे. इंग्रजीत 'होप'नंतर आजच्या स्थितीसाठी सरळ वर्तमानकाळ वापरतात: 'आय होप यू आर वेल'. तेथे 'विल बी फाइन' घातले की अर्थ पुढे सरकतो आणि ऐकणाऱ्याला असे वाटते की आज काहीतरी बिनसले आहे, ते पुढे ठीक होईल अशी आशा आपण व्यक्त करतो आहोत. रुग्णालयात असलेल्या माणसाच्या नातेवाइकाला 'आय होप ही विल बी फाइन' असे लिहिणे योग्य आहे. धडधाकट माणसाला तसे लिहिले की तो दचकतो. आपल्या प्राध्यापकांचे तसेच झाले असणार.

झालेल्या गोष्टीविषयीच्या आशेलाही हेच लागू पडते. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या मुलाला सकाळी आपण लिहितो, 'नीट पोहोचला असशील'. त्याचे शब्दशः इंग्रजी करायला गेलो, तर हात 'विल हॅव रीच्ड'कडे वळतो. इंग्रजीत 'आय होप यू हॅव रीच्ड सेफली' किंवा 'आय होप यू रीच्ड सेफली' असे लिहावे. तो पोहोचला किंवा नाही हे प्रत्यक्षात ठरून गेलेले आहे. फक्त आपल्याला ते अजून कळलेले नाही आणि आशा त्या न कळण्याबद्दल आहे. आशा नेहमी भविष्याचीच असते, असे आपण धरून चालतो, ते इंग्रजीतही खरे नाही आणि मराठीतही नाही.

तापीतीर

मी रेल्वेच्या कार्यालयात लिपिक होतो, आता निवृत्त आहे. आमच्या पत्रांचा शेवट वर्षानुवर्षे ठरलेला असे: 'होप यू वुड डू द नीडफुल'. ज्येष्ठांनी आम्हाला सांगितले होते की 'विल' उद्धट वाटते आणि 'वुड' नम्र असते, म्हणून वरिष्ठांना लिहिताना 'वुड'च वापरावे. ३० वर्षे तसेच लिहिले. 'होप'नंतर 'वुड' मुळीच येत नाही, असे सरांचे म्हणणे आहे का? आणि येत नसेल, तर नम्रता कशी दाखवायची?

पांझराकाठ

काका, आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे एका बाजूने बरोबर होते. विनंती प्रश्नाच्या रूपात असेल, तर 'वुड यू प्लीज' हे 'विल यू'पेक्षा मऊ असतेच. परंतु ते प्रश्नापुरते खरे आहे. 'होप'च्या मागून येणारे 'वुड' नम्रता वाढवत नाही. तेथे 'आय होप यू विल' हेच बरोबर आणि तेवढेच सभ्य आहे.

'होप'नंतर 'वुड' दोन ठिकाणी बिनचूक येते. पहिले म्हणजे आशा भूतकाळातली असेल तेव्हा. 'आय होप ही विल कम' हे वाक्य काल गेले की 'आय होप्ड ही वुड कम' होते; 'होप' मागे सरकला म्हणून 'विल'ही त्याच्याबरोबर मागे सरकला. दुसरे म्हणजे वाक्यात कल्पित अट दडलेली असेल तेव्हा. 'आय होप यू वुड टेल मी इफ समथिंग वेअर राँग' याचा अर्थ, काही बिनसलेच असते तर तू मला सांगितले असतेस अशी माझी आशा आहे. येथले 'वुड' हे त्या अटीमुळे आलेले आहे.

नम्रतेसाठी इंग्रजीने वेगळी सोय केलेली आहे आणि ती मला फार सुंदर वाटते. तेथे दुसऱ्या क्रियापदाऐवजी पहिलेच क्रियापद मागे सरकवतात: 'आय वॉज होपिंग यू कुड हेल्प मी'. रूप भूतकाळाचे आहे, पण आशा आजचीच आहे. 'माझी अशी आशा होती' असे म्हणून बोलणारा आपली मागणी एक पाऊल मागे घेतो आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवतो. आपणही दुकानात 'जरा एक पोते हवे होते' असे म्हणतो. पोते आत्ताच हवे असते, तरी 'होते' म्हणतो. त्यामुळे हा प्रकार आपल्या मुलांना समजावून सांगणे अजिबात अवघड नाही. फक्त कार्यालयीन पत्रात हे रूप जरा घरगुती वाटते. तेथे 'आय होप यू विल' किंवा 'आय वुड बी ग्रेटफुल इफ' हेच बरे.

गोमाई

मी शहाद्याची. मुलगी दहावीला आहे आणि तिचा अभ्यास मीच घेते. तिने मावशीला लिहिलेल्या पत्रात 'आय होप यू टू कम फॉर आखाजी' असे वाक्य होते. ते मला खटकले, पण का खटकले हे सांगता आले नाही. तिचे म्हणणे असे की 'आय वॉन्ट यू टू कम' चालते, मग हे का चालत नाही? शिवाय 'होप'ऐवजी 'विश' लिहिले तर चालेल का, असेही तिने विचारले आहे.

पांझराकाठ

ताई, मुलीला सांगा की तिचा प्रश्न योग्य आहे. येथे इंग्रजी खरोखरच एकसारखे वागत नाही. 'वॉन्ट' आणि 'एक्स्पेक्ट' यांच्या मागे 'यू टू कम' येते, 'होप'च्या मागे येत नाही. 'होप'च्या मागे 'टू' तेव्हाच येतो, जेव्हा आशा करणारा आणि काम करणारा एकच असतो: 'आय होप टू कम', म्हणजे मी येईन अशी माझी आशा आहे. माणसे दोन असतील, तर पूर्ण वाक्य लिहावे लागते: 'आय होप यू कम' किंवा 'आय होप यू विल कम'. यामागे काही खोल कारण सांगत बसण्यापेक्षा ही गोष्ट सरळ पाठ करावी, असे माझे मत आहे.

'विश'चे प्रकरण मात्र थांबून समजून घेण्यासारखे आहे, कारण काळाच्या रूपातला खरा भेद तेथे दिसतो. 'होप' म्हणणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट अजून घडण्यासारखी असते, म्हणून पुढचे क्रियापद वास्तवातले, वर्तमानकाळी राहते. 'विश' म्हणणाऱ्याला ठाऊक असते की गोष्ट तशी नाही, म्हणून क्रियापद एक पायरी मागे जाते. 'आय विश इट रेन्ड मोअर हिअर' म्हणजे आपल्याकडे जास्त पाऊस पडत असता तर. पडत नाही, हे बोलणाऱ्याला माहीत आहे. गोष्ट होऊनच गेली असेल, तर आणखी एक पायरी मागे: 'आय विश वुई हॅड वेटेड', म्हणजे आपण थांबलो असतो तर. धूळपेरणी करून पाऊस लांबलेल्या घरात हे वाक्य कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. मराठीतही 'थांबलो असतो' हे रूप भूतकाळी दिसणारेच आहे. दोन्ही भाषांनी न घडलेली गोष्ट सांगण्यासाठी भूतकाळाचाच आधार घेतला आहे, हे मुलांना दाखवले की त्यांचे डोळे चमकतात.

ज्यांना 'वुड' लिहायचेच आहे, त्यांच्यासाठी जागा येथे आहे: 'आय विश इट वुड रेन'. पण हे आशेचे वाक्य उरत नाही. रोज आभाळ भरून येते आणि तसेच निघून जाते, त्याला कंटाळलेल्या माणसाचे ते वाक्य आहे. मावशीला 'आय विश यू वुड कम' असे लिहिले, तर बोलावूनही ती येत नाही अशी थोडी तक्रार त्यात उमटेल. 'आय विश यू सक्सेस' मधला 'विश' वेगळा. तो शुभेच्छेचा आहे आणि त्याच्या मागे क्रियापद नसून नाम असते.

सातपुडा

चर्चा चांगली आहे, तरी एक आक्षेप नोंदवतो. मी शिकवणी वर्ग घेतो. मुलांना आपण वर्तमान, भूत आणि भविष्य असे तीन काळ शिकवतो. भविष्यातील गोष्टीला वर्तमानकाळ चालतो, आजच्या विनंतीला भूतकाळ चालतो असे सांगू लागलो, तर ज्यांची पायाभरणीच कच्ची आहे अशी मुले आणखी गोंधळतील. परीक्षेच्या दृष्टीने 'होप'नंतर 'विल' हा एकच नियम देणे सुरक्षित नाही का?

पांझराकाठ

सातपुडा सर, आपली काळजी मी समजू शकतो, कारण मीही त्याच काळजीपोटी २२ वर्षे तोच एक नियम दिला. परिणाम असा झाला की मुलीने योग्य वाक्य लिहिले आणि शिक्षकाने ते खोडले. सुरक्षित नियम लिहिणाऱ्याला सांभाळतो, पण वाचताना आणि ऐकताना तोच आडवा येतो. शिवाय वाघूरभाऊंचे 'विल बी फाइन' हे नेमके या नियमाचेच अपत्य आहे.

इंग्रजी क्रियापद स्वतःचे रूप बदलून दोनच काळ दाखवते, वर्तमान आणि भूत. 'विल' हे 'कॅन', 'मे', 'मस्ट' यांच्या रांगेतले सहायक क्रियापद आहे. मुळात त्याचा अर्थ इच्छिणे असा होता आणि तो अर्थ 'विल' या नामात अजून शिल्लक आहे. आपण मृत्युपत्राला 'विल' म्हणतो, त्यातही माणसाची इच्छाच असते. त्यामुळे भविष्य सांगण्याची मक्तेदारी 'विल'कडे कधीच नव्हती. आपली मुलेही 'मी उद्या जळगावला जातो' असे रोज म्हणतात आणि हाक मारली की 'आलोच' असे उत्तर देतात. पहिल्या वाक्यात रूप वर्तमानाचे, दुसऱ्यात भूतकाळाचे, आणि दोन्ही गोष्टी अजून घडायच्या आहेत. काळाचे रूप आणि प्रत्यक्ष वेळ या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मूल मराठीतून आधीच जाणते. पायाभरणी तेथून करावी, असे मला मनापासून वाटते.

सातपुडा

'आलोच' हे उदाहरण पटले. वर्गात वापरून पाहीन. तरी कच्च्या मुलांना मी पहिल्या महिन्यात 'विल'च देईन; फक्त वर्तमानकाळ लिहिणाऱ्याचा गुण यापुढे कापणार नाही.

बोरी

मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक. माझा पुतण्या परदेशात वाढला आहे, त्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून त्याच्याशी इंग्रजीत लिहावे लागते. गेल्या जूनमध्ये वादळी वाऱ्याने आमची बाग आडवी झाली. घड कापायला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. त्याला काय लिहावे हे कळेना. 'वुई होप्ड टू सेल द क्रॉप इन जुलै' असे लिहिले, मग ते पुरेसे वाटेना. अशा वेळी इंग्रजी माणूस काय लिहितो?

पांझराकाठ

भाऊ, वाचून वाईट वाटले. आपले वाक्य चूक नव्हते. 'होप्ड' हे रूप आशा भूतकाळात होती एवढे सांगते. ती पुरी झाली की नाही, हे पुढच्या शब्दांवर सोडते. 'वुई होप्ड फॉर रेन, अँड इट केम' हे वाक्यही होऊ शकते. आशा होती आणि ती मोडली, असे एकाच रूपात सांगायचे असेल, तर पूर्ण भूतकाळ वापरतात: 'वुई हॅड होप्ड टू सेल द क्रॉप इन जुलै'. पुढे 'बट' लिहिले नाही, तरी वाचणारा समजतो की ते झाले नाही. पुतण्याला बातमी त्या 'हॅड'मध्येच कळली असती. मराठीत आपण 'जुलैत विकू असे ठरवले होते हो' म्हणतो आणि त्या 'होते'वर आवाज खाली येतो. जवळपास तसेच ते आहे.

बोरी

आभारी आहे. नवीन कंद लावले आहेत. पुतण्याला आता 'वुई होप टू कट इन समर' असे लिहितो.

अनेर

जाता जाता एक प्रश्न. नकारी आशा कशी लिहावी? 'आय डोन्ट होप ही फेल्स' हे वाक्य माझ्या भाच्याने लिहिले आहे. 'आय डोन्ट थिंक ही विल फेल' चालते, मग हे चालायला हवे, असे त्याला वाटते.

पांझराकाठ

येथे 'थिंक' आणि 'होप' यांची वाट वेगळी होते. 'तो नापास होईल असे मला वाटत नाही' यात नकार 'वाटणे'ला चिकटला, तरी तो खरे तर नापास होण्यालाच लागू असतो; इंग्रजीत 'थिंक'चेही तसेच आहे. आशेच्या बाबतीत तसे होत नाही. 'तो नापास होईल अशी मला आशा नाही' असे आपणही मराठीत म्हणत नाही, आपण 'नापास न होवो' असे म्हणतो आणि नकार दुसऱ्या क्रियापदापाशी ठेवतो. इंग्रजीतही तो तेथेच ठेवावा: 'आय होप ही डझन्ट फेल'. छोट्या उत्तरातही हाच क्रम असतो. रात्री वीज चमकत असताना घरातले मूल 'विल इट हेल?' असे विचारते, तेव्हा गारपीट नको असलेल्या शेतकऱ्याचे उत्तर 'आय डोन्ट होप सो' असे नसून 'आय होप नॉट' असे असते.